साष्टीचा पाद्री पुराणिक

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला आणि १६१९ मध्ये गोव्यात ते वारले. सत्तर वर्षांच्या आयुष्यातली चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात काढली, तीही बहुतेक साष्टी या एकाच तालुक्यात. तिथे राहून त्यांनी मराठीत १०,९६२ ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, कोकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि कोकणीचे व्याकरण बांधले. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली ती १६०० साली, म्हणजे ते आल्यानंतर एकवीस वर्षांनी. ते मात्र इंग्लंडच्या राणीचे किंवा तिच्या व्यापाऱ्यांचे कोणी म्हणून आलेले नव्हते. त्यांना आपला देश सोडावा लागला होता.

वडील लंडनमधले व्यापारी होते आणि घर कॅथलिक होते. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे दिवसेंदिवस अवघड होत चालले होते. १५७० मध्ये पोपने राणीला धर्मबहिष्कृत केले आणि त्यानंतर प्रत्येक कॅथलिक माणसाकडे संभाव्य राजद्रोही म्हणून पाहिले जाऊ लागले. थॉमस पाउंड हा दरबारातला माजी मानकरी स्टीफन्स यांचा मित्र. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि जेझुइट म्हणजे येशूसंघी व्हायचे ठरवले. पाउंड पकडला गेला आणि त्याची उमेद तुरुंगात अडकली. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. तिथे शिक्षण चालू असतानाच त्यांनी पूर्वेकडे जाण्याची परवानगी मिळवली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला. त्या प्रवासाचे वर्णन स्टीफन्स यांनी गोव्यात पोहोचल्यावर १० नोव्हेंबरला वडिलांना लिहिलेल्या पत्रात आहे. पुढे हे पत्र रिचर्ड हॅकलूट यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि गोव्याच्या वाटेची माहिती इंग्रज व्यापाऱ्यांना त्यातून मिळाली. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडून दिवसेंदिवस जागच्या जागी राहणारी जहाजे, केप ऑफ गुड होपचा खवळलेला समुद्र, ताज्या अन्नाविना हिरड्या सुजून आणि पाय सुजून आजारी पडलेले प्रवासी, हे सगळे त्यात आहे. दीडशेच्या वर माणसे आजारी होती आणि सत्तावीस दगावली. मुलाच्या पत्रात असायला हवी तितकीच काळजी आणि तितकेच कुतूहल त्यात आहे. २४ ऑक्टोबरला गोवा लागले. इथे प्यायला पाणी चांगले आहे, माडाची सूर मिळते आणि नारळाचे पाणीही मिळते, हे कळवायला ते विसरलेले नाहीत.

धर्मगुरुपदाची दीक्षा गोव्यातच झाली आणि नेमणूक साष्टीत. (मुंबईजवळची साष्टी वेगळी; गोव्याची साष्टी म्हणजे ‘सासष्ट’, सहासष्ट गावांचा महाल.) बारदेश आणि साष्टी हे दोन महाल १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे आले होते. बारदेशात फ्रान्सिस्कन, साष्टीत येशूसंघी अशी धर्मप्रसाराची वाटणी झाली होती. स्टीफन्स पोहोचले तेव्हा साष्टीने नुकताच फार मोठा घाव सोसलेला होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, बसले होते. त्याच दशकात साष्टीतली देवळे पाडली गेली आणि कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा अशी दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेण्यात आली. लोकांच्या घरातल्या पोथ्याही सुटल्या नाहीत. पुराणे, महाभारत-रामायणातली आख्याने गोळा करून नष्ट केली गेली. जी थोडी वाचली ती मिशनऱ्यांनी स्वतःच्या अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून ठेवली म्हणून. कृष्णदास शामा यांच्या कृष्णकथेसह अशा काही पोथ्या पोर्तुगालमध्ये ब्रागा इथल्या ग्रंथालयात सापडल्या.

१५८३ हे वर्ष स्टीफन्स यांच्या आयुष्यातले सर्वांत खडतर वर्ष म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी जुलैमध्ये कुंकळ्ळीला चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या येशूसंघीयांवर गावकऱ्यांनी हल्ला केला. देवळे पाडल्याचा राग गावात धुमसत होताच. रुदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघी आणि त्यांच्याबरोबरचे काही लोक मारले गेले. आक्वाविवा म्हणजे अकबराच्या दरबारी जाऊन आलेले पाद्री. मारल्या गेलेल्या पाद्र्यांची प्रेते ताब्यात घेऊन दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पोर्तुगिजांनी सूड घेतला तोही तसाच. कुंकळ्ळीच्या गावकर मंडळींना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचे मुडदे पाडले. नदीत उडी घेतलेला एकच निसटला, असे सांगतात. चर्चच्या इतिहासात पाच हुतात्मे आहेत आणि गोव्याच्या लोकस्मृतीत कुंकळ्ळीचे नायक आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गावाच्या आहेत. स्टीफन्स यांचे पुढचे सगळे काम या रक्तरंजित भूमीवर झाले, हे त्यांच्या मधुर ओव्या वाचताना विसरून चालत नाही.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, गोव्यात येऊन बरोबर चार वर्षे झाल्याच्या दिवशी, त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या भावाला, रिचर्डला, पत्र लिहिले. हुतात्म्यांची हकीकत त्यात आहेच. पण त्यातली दोन-तीन वाक्ये भाषाशास्त्राच्या इतिहासात जाऊन बसली. इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी नोंदवले आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्यासंबंधी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात केलेले विधान १७८६ चे आहे. स्टीफन्स यांनी सिद्धांत मांडला नव्हता. नव्या भाषेच्या विभक्ती पाठ करणाऱ्या माणसाला शाळेत घोकलेल्या विभक्ती आठवाव्यात, अशी ती आठवण होती. पण ती दोनशे वर्षे आधीची आहे.

वर्षअखेरीस चार इंग्रज कैदी म्हणून गोव्याला आणले गेले. जॉन न्यूबरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार, या चौघांना होर्मुझला हेर समजून पकडले होते. स्टीफन्स यांनी शब्द टाकला, जामिनाची खटपट केली आणि ते सुटले. पुढे न्यूबरी, फिच आणि लीड्स गोव्यातून पसार झाले. फिच तर आग्रा, बंगाल, पेगूपर्यंत भटकून इंग्लंडला परतला आणि त्याच्या अनुभवाचा उपयोग पुढे कंपनीच्या संस्थापकांना झाला. पोर्तुगिजांच्या आश्रयाला असलेल्या पाद्र्याने आपल्या देशबांधवांना मदत करावी आणि तीच पुढे पोर्तुगिजांच्या मुळावर यावी, हा इतिहासाचा खोडकरपणा.

त्यानंतरची तीस वर्षे घटनांनी भरलेली नाहीत. मडगाव आणि राचोल (जुने नाव रायतूर) इथल्या येशूसंघाच्या घरांत कधी प्रमुख, कधी साधा गावपाद्री म्हणून स्टीफन्स राहिले. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचे नाव ‘एस्तेव्हांव’ झाले. मुलांना शिकवणे, आजाऱ्यांना भेटणे, गावकीच्या भांडणांत पडणे, रविवारी प्रवचन करणे हा त्यांचा नेम होता. भाषा शिकायची ती या कामातूनच. बोलायला कोकणी हवी होती, कारण साष्टीतली माणसे घरात, बाजारात आणि शेतात कोकणीच बोलत. पण देवाधर्माचे ऐकायचे ते मराठीत, अशी गोव्यात जुनी रीत होती. पुराणिक मराठीत सांगे, कीर्तन मराठीत होई, पोथी मराठी असे. ही दोन भाषांची वाटणी स्टीफन्स यांनी जशी होती तशी स्वीकारली. व्याकरण आणि प्रश्नोत्तरी त्यांनी कोकणीत लिहिली, पुराण मराठीत लिहिले. गोव्यात पुढे मराठी-कोकणी वाद पेटला तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांनाच साक्षीला बोलावले, आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याकडे पुरावा सापडला.

‘ख्रिस्तपुराणा’च्या जन्माची कथा ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, आहे. रविवारची संध्याकाळची प्रार्थना आटोपून पाद्री-गुरू मुलांना धर्मपाठ देत आहेत. तिथे बाटलेला एक ब्राह्मण येतो आणि गाऱ्हाणे घालतो. आम्हाला नवी प्रार्थना शिकवलीत, ती चांगलीच आहे. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी ऐकायला दुसरे पुराण द्याल की नाही? पाद्री-गुरूला ते पटते. हा प्रसंग नेमका असाच घडला असेल किंवा नसेल, त्याने फार फरक पडत नाही. लोकांच्या हातून काय हिरावून घेतले गेले आहे, हे लेखकाने स्वतःच्या ग्रंथाच्या दारातच लिहून ठेवले. विजेत्या धर्माच्या पाद्र्याने इतके कबूल करणे त्या काळी सोपे नव्हते.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ ३६ अवस्वरूंचे. त्यात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम-एवा, नोहाचा जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद अशी जुन्या करारातली कथा, तारणाऱ्याची वाट पाहणारी. ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरूंचे. त्यात मरियेच्या जन्मापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतचे चरित्र. छंद ओवीचा, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड. हा साचा ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला. स्टीफन्स साष्टीत मराठी गिरवत होते त्या वर्षांत पैठणला एकनाथ महाराज हयात होते, आणि पुराण लिहून होत आले तेव्हा देहूला तुकोबा पोरवयात होते. म्हणजे हा ग्रंथ मराठी ओवीच्या ऐन बहरातला आहे. सुरुवात ‘ॐ नमो’ने होते, पण नमन आहे ते बापदेवाला. स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. देव परमेश्वर आहे, तारण म्हणजे मोक्ष आणि येशू स्वामी. जिथे देशी शब्दाने जुन्या दैवताची आठवण होऊन घोटाळा होईल, तिथे मात्र लेखक लॅटिन-पोर्तुगीज शब्द तसाच ठेवतो. पवित्र आत्म्याला ‘स्पिरितु सांतु’ म्हणतो. कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता टाळायचा, याचा असा काटेकोर विचार दर ओवीत झालेला दिसतो, आणि ग्रंथाची खरी कारागिरी तिथेच आहे.

मराठीत केलेल्या गद्य प्रस्तावनेत लेखकाने भाषेची निवडही सांगितली आहे. या देशातल्या भाषांत देवाच्या गोष्टी सांगायला मराठीच योग्य वाटली. पण निव्वळ शुद्ध मराठी मध्यम लोकांना समजत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द गाळून त्यांच्या जागी ‘ब्राह्मण भाषे’तले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द मिसळले आहेत. याच ग्रंथात मराठीची ती प्रसिद्ध स्तुती येते. साध्या खड्यांत रत्न, फुलांत मोगरा, सुगंधात कस्तुरी, पाखरांत मोर, झाडांत कल्पतरू, वारांत रविवार आणि सोमवार, अशी उपमांची माळ लावून भाषांत मराठी थोर असे कवी म्हणतो. मराठी भाषा दिनाला शाळाशाळांतून या ओव्या म्हटल्या जातात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उरलेल्या दहा हजार नऊशे ओव्यांकडे ढुंकूनही पाहिलेले नसते, आणि त्याचा दोष सर्वस्वी त्यांना देता येत नाही. ग्रंथ त्यांच्या लिपीत नव्हता.

याचे कारण छपाईत आहे. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण त्याचे खिळे रोमन होते. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोममधल्या आपल्या सर्वोच्च प्रमुखाला, क्लाउदियो आक्वाविवा यांना, पत्र लिहिले. (कुंकळ्ळीत मारले गेलेले रुदोल्फो हे त्यांचेच पुतणे.) या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या अक्षरांत छापलेली पुस्तके पाहावीत, अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे त्यांनी त्यात लिहिले. मलबारात तमिळ अक्षरांत तसे काम झालेलेही होते. इथे ते का अडते, याचेही कारण त्यांनी दिले. युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे काना-मात्रा-वेलांटीसह सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतात, आणि ते पाहूनच माणसे हात टेकतात. परवानगीचा, पैशाचा आणि कारागिरांचा मेळ बसला नाही. मराठी देवनागरीत छापायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले.

तेव्हा पुराण निघाले ते रोमन अक्षरांत, १६१६ मध्ये, राचोलच्या छापखान्यातून. पहिल्या आवृत्तीचे शीर्षकही पोर्तुगीज होते. जगाचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या आगमनावरील प्रवचन, असा त्याचा अर्थ. ‘पुराण’ हा शब्द शीर्षकात आला तो पुढच्या, १६४९ आणि १६५४ च्या, आवृत्त्यांत. छापून निघालेला हा मराठीतला पहिला मोठा काव्यग्रंथ. गावोगावच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी तो वाचला जाऊ लागला, आणि लोक पूर्वी पुराणाला बसत तसे बसून ऐकू लागले. त्याचे पाहून दुसरेही लिहिते झाले. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पेत्राचे मराठी पुराण रचले. ते १६२९ पासून छापले गेले.

कोकणीतली पुस्तके स्टीफन्स यांना छापलेली पाहायला मिळाली नाहीत. गुरुशिष्यांच्या संवादातून धर्मतत्त्वे सांगणारी ‘दौत्रिना क्रिस्तां’ १६२२ मध्ये निघाली. व्याकरण, ‘आर्ते दा लिंग्वा कानारी’, १६४० मध्ये निघाले. दियोगु रिबैरु या पाद्र्याने त्यात भर घातली होती. कोणत्याही भारतीय भाषेचे छापले गेलेले हे पहिले व्याकरण. पोर्तुगीज पाद्र्यांना कबुलीजबाब ऐकता यावा इतकी कोकणी यावी, हा त्याचा साधा हेतू. पण नामांची रूपे, क्रियापदांचे काळ आणि वाक्यरचना यांची मांडणी अशी नेटकी आहे की कुन्य रिव्हारा यांनी १८५७ मध्ये ते पुन्हा छापले.

पुढे वारे फिरले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीने ज्याचे धाबे दणाणले होते, तो व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने लगेच पुढच्या वर्षी, २७ जून १६८४ रोजी, हुकूम काढला. लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. हुकूम जसाच्या तसा कधीच अमलात आला नाही. पण स्थानिक भाषेत लिहिणाऱ्या पाद्र्यांचा काळ संपला, आणि पुराण पुन्हा छापले गेले नाही. ते जगले ते हस्तलिखितांवर, आणि मुख्यतः गोव्याबाहेर. दुष्काळ, लढाया आणि इन्क्विझिशनचा जाच यांमुळे अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला मंगळूरकडे गेली होती. त्यांनी आपल्याबरोबर या पुराणाच्या रोमन प्रती नेल्या, त्यांच्या नकला केल्या आणि उपवासकाळात घरी बसून वाचल्या, ज्या गावात मराठी कोणी बोलत नव्हते तिथे. जोझेफ सालदान्य यांनी अशाच मंगळुरी हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये तिथे ग्रंथाची आवृत्ती काढली, रोमन लिपीतच.

त्यानंतर एक अनपेक्षित गोष्ट घडली. मराठी संतांचे अभ्यासक असलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांना लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातल्या कागदांत, ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत मिळाली. तिच्यात पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी बहुतेक ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. तेव्हापासून वाद चालू आहे. स्टीफन्स यांनी मूळ देवनागरीत लिहिले आणि छापताना ते रोमन केले, की मूळ रोमन ग्रंथ नंतर कोणी देवनागरीत आणून संस्कृतप्रचुर केला? सहाशे साच्यांसाठी झुरणाऱ्या लेखकाने निदान स्वतःच्या हाताने तरी देवनागरीत लिहिले असेल, असे मानायला मन ओढ घेते. पुरावा मात्र दोन्हीकडे थोडा थोडा आहे.

मराठी वाचकाला स्वतःच्या लिपीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मिळाले ते १९५६ मध्ये. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली ती आवृत्ती पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने काढली, राचोलच्या आवृत्तीनंतर ३४० वर्षांनी. मार्सडेन प्रतीवर आधारलेली कारिदाद द्राग यांची आवृत्ती पॉप्युलर प्रकाशनाने १९९६ मध्ये आणली, आणि नेल्सन फाल्काव यांनी पुढे संपूर्ण ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. पर्वरीला कोकणीच्या अभ्यासासाठी येशूसंघीयांनी काढलेल्या संस्थेला थॉमस स्टीफन्स यांचेच नाव आहे. राचोलला १६१६ मध्ये छापलेल्या पुस्तकाची एकही प्रत आजवर सापडलेली नाही, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांचीही नाही. आज छापून हाती येते ते सारे नकलाकारांनी हाताने उतरवलेल्या वह्यांवरून.